गिरणीतली पाखडणी

पुण्याहून आल्यापासून चंद्रपुरात जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, काय काय पाहिलं?" मी शनिवारवाडा पाहिला नाही, सिंहगडावर गेले नाही, आणि बाकरवडी आणली तिचा गाडीतच चुरा झाला. आठवडाभर मी नारायण पेठेतल्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत बसून लाकूड कोरत होते. हे ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. माझाही पडलेलाच आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि तेच लिहायला बसले आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता निवृत्त आहे आणि वुडकट करते, म्हणजे लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. आमच्याकडे सागवान भरपूर आणि हे काम करणारी मी एकटी. पुण्यात मात्र या कामाचा एक गटच आहे. दर वर्षी सगळे मिळून एका विषयावर चित्रसंच काढतात आणि त्यात बाहेरगावच्या एकाला बोलावतात. यंदा विषय होता नदी, आणि बोलावणं मला आलं. माझा आनंद काही विचारू नका. सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं.

सोमवार, नारायण पेठ

गल्लीत गिरणी शोधायला त्रास पडला नाही. पाटी अजून 'येथे सर्व प्रकारची दळणे' अशीच आहे. आत जातं निघून गेलंय, त्या जागी मोठं टेबल आहे, पण फरशीच्या फटींत पीठ अजून आहे. मी पोचले तेव्हा एक बाई गव्हाचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या आणि गिरणी चालू का नाही म्हणून विचारत होत्या.

"गिरणी बंद होऊन जमाना झाला," आतून आवाज आला. "ठेवून जा, छापून देऊ."

त्या शुभदाताई. गटाचा कारभार त्यांच्याकडे. पन्नाशी उलटलेली, केस आखूड, बोटांना कायमची काळी शाई. मी घरून आणलेली सागवानी फळी टेबलावर ठेवली तशी त्यांनी ती बोटाने वाजवून पाहिली.

"दार बसवायचंय का कुठे?"

"नाही जी. कोरायला आणली."

"मग हात सांभाळा. हे कोरताना लाकूड नाही, माणूसच झिजतो." एवढं बोलून त्यांनी मला चहा दिला, खुर्ची दिली, खिडकीजवळची उजेडाची जागा दिली. आमच्याकडे पाहुण्याला आधी गोड बोलतात आणि मग चहाचं बघतात. इथे उलटं होतं. मला राग यायला हवा होता, आला नाही.

डिसेंबर होता तरी आभाळ भरलेलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती राखी छत्री उघडून ठेवल्यासारखं. छापलेले कागद वाळता वाळत नव्हते. सदाशिव पेठेत मुलींच्या खोल्यांच्या वर एक जागा मला भाड्याने मिळाली होती. तिथे खाली क्लासच्या मुली सतत काहीतरी पाठ करत असत. ते ऐकत मी रोज झोपायचे आणि उगाचच उदास व्हायचे.

मंगळवार

दुपारी सगळ्यांचे डबे एकाच टेबलावर उघडतात. आठ-दहा माणसं. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी आर्किटेक्ट, एक हिंजवडीत रात्रपाळी करून थेट इकडे येणारी मुलगी. इम्तियाज नावाचा पस्तिशीचा गृहस्थ दिवसा एका छापखान्यात नोकरी करतो आणि जेवणाच्या सुट्टीत इथे येतो. त्याच्या डब्यात खिमा होता. शेजारी शुभदाताईंच्या डब्यात गूळ घातलेली आमटी. दोन्ही डब्यांची झाकणं एकमेकांवर पडली होती आणि कुणी नाक मुरडलं नाही, कुणी आपण नाक मुरडत नाही असं दाखवलंही नाही. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये अंड्याच्या पोळीवरून वर्षभर अबोला झालेला मी पाहिला आहे. मला हे बघून बरं वाटलं आणि त्या स्टाफरूमच्या आठवणीने वाईटही वाटलं.

मी तसं बोलून दाखवलं. इम्तियाज म्हणाला, "इथे माणसाला काही म्हणायचं नाही, कागदाला सोडायचं नाही. सरांचा नियम आहे. शनिवारी कळेल तुम्हाला."

शनिवारी काय असतं ते शुभदाताईंनी सांगितलं. त्याला ते पाखडणी म्हणतात. आठवड्यात घेतलेले कच्चे ठसे दोरीवर चिमट्याने टांगायचे आणि सगळ्यांनी प्रत्येक कागदाचे दोष तोंडावर सांगायचे. ज्याचा कागद त्याने मध्ये बोलायचं नाही. आणि खरा दोष सांगितल्याशिवाय कागद दोरीवरून उतरवायचा नाही, मग तो कितीही चांगला असो. पूर्वी म्हणे गटात पाठीमागे बोलण्याची खोड होती, त्यावरून तो दोनदा फुटता फुटता राहिला. तेव्हा माधवरावांनी हे सुरू केलं. गटातल्या बहुतेकांना वुडकट शिकवलं ते माधवरावांनी. इम्तियाजचे सर तेच.

"पाखडणीत रडून गेलेली माणसं आहेत," शुभदाताई म्हणाल्या. "पण गेलेली परत आली. ज्याला आपण काही बोललो नाही असा एकही माणूस इथे टिकलेला नाही."

बुधवार आणि गुरुवार

बुधवारी माधवराव आले. सत्तरीच्या पुढचे, उंच, पांढरा बंद गळ्याचा शर्ट. चहा अर्धाच ग्लास घेतला आणि तोही दोन्ही हातांनी धरून. उजवा हात सारखा थरथरत होता. कुणी तिकडे पाहत नव्हतं, आणि न पाहण्याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की माझंच लक्ष सारखं तिकडे जात होतं.

ते माझ्या शेजारी बसले. मी बगळा कोरत होते. नदी म्हटल्यावर मला बगळाच सुचला, त्याला मी तरी काय करणार. त्यांनी फळी उजेडात तिरकी धरली.

"बाई, ही मान लाकडाच्या रेषेला आडवी गेलीये. तुटेल."

"जपून कोरते आहे."

"जपून तुटेल."

तासाभरात तुटली. अर्धी मान कोरणीबरोबर उडून टेबलाखाली गेली आणि मी गुडघ्यांवर बसून ती पिठाच्या फटींत शोधत राहिले. सरस लावून चिकटवली. माधवराव हसले नाहीत, पण त्यांना बरं वाटल्याचं दिसलं.

गुरुवारी संध्याकाळी ते मला नदीपात्राकडे घेऊन गेले. नदी म्हणून जे दाखवलं त्यात काळं पाणी, जलपर्णी आणि काठावर कसल्याशा बांधकामाचा राडारोडा. वास असा की मी पदर नाकाला लावला. चंद्रपूरच्या धुळीत वाढलेल्या माणसाने नाक धरावं म्हणजे काय ते समजा. ते म्हणाले, पूर्वी इथे वाळलेल्या गवतात गाढवं उभी असायची, वाळू वाहणारी. त्यांचं यंदाचं चित्र तेच होतं, गवतात उभी गाढवं.

"गवत म्हणजे बारीक रेघांचं काम," मी म्हटलं आणि जीभ चावली.

"हो," ते म्हणाले. "घरी कोरतो मी. इथे गर्दी होते."

बराच वेळ आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. मग ते आपणहून बोलले. "हल्ली माझा कागद दोरीवरून लवकर उतरतो. शाई जरा जास्त झाली, कागद जरा पिवळा. इतकंच ऐकतो मी. या चाळीस वर्षांत शाई जास्त झाली नव्हती असं नाही, पण तेव्हा त्याच्या आधी दहा गोष्टी ऐकायला मिळायच्या." थरथरणारा हात त्यांनी खिशात घातला. "शनिवारी तुम्ही बोला. पाहुणी म्हणून गप्प बसू नका. मी अजून या लोकांत आहे की नाही, हे मला कळायला हवं."

मी हो म्हटलं. न म्हणण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही.

शुक्रवार

माधवरावांनी आपली कोरलेली फळी रिक्षाने पाठवून दिली. शिवणीचं जुनं, उत्तम वाळलेलं लाकूड. शुभदाताईंनी वरचं फडकं काढलं आणि आम्ही तिघं, त्या, इम्तियाज आणि मी, वाकून पाहू लागलो. गवताच्या असंख्य रेघा, एकीसारखी दुसरी नाही, सगळ्या किंचित कापणाऱ्या. मधे चार गाढवं. मला पहिल्या नजरेतच भरून आलं.

मग वास आला. जळकट, शेगडीवर दूध उतू गेल्यावर येतो तसा. इम्तियाजने रेघांच्या मधल्या खाचेत नख घातलं. हाताने कोरलेली खाच उतरती असते, तळाशी कोरणीचे टप्पे राहतात. या खाचांच्या भिंती सरळ खाली गेल्या होत्या, तळ फरशीसारखा सपाट, आणि कडा तपकिरी भाजलेल्या.

"लेझर," तो म्हणाला.

 मला त्यातलं गांभीर्य कळायला थोडा वेळ लागला. चित्रसंचावर 'हाताने कोरलेले' असं छापतात. आणि गेल्याच वर्षी हिंजवडीचा एक तरुण मशीनने कोरलेल्या फळीचा ठसा घेऊन पाखडणीला आला होता, तेव्हा माधवरावांनीच त्याला सुनावलं होतं की मशीनच वापरायचं तर लाकडाला कशाला त्रास दिलास. तो कागद गुंडाळून गेला तो पुन्हा आला नाही. शुभदाताई म्हणाल्या होत्या की गेलेले परत येतात. हा आला नव्हता.

"उद्या कुणी काही बोलायचं नाही," शुभदाताई म्हणाल्या.

"मग पाखडणी कशाला करायची?" इम्तियाज चिडला. "टाळ्या वाजवू ना. हार आणू का?"

"त्यांचा हात बघितलास? वय काय त्यांचं? एवढं एक चित्र संचात जाऊ दे. कुणाचं काय बिघडतंय?"

"सरांचं बिघडतंय."

"इम्तियाज, सगळ्यांसमोर त्यांना चोर म्हणणार आहेस तू?"

तो फळीपासून मागे सरला.  काहीतरी दोष सांगावाच लागणार, म्हणून समास उजवीकडे कमी पडलाय एवढंच म्हणायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनाही सांगून झालं. शुभदाताईंनी मला विचारलं, तुमचं काय? मला कठड्यापाशी दिलेला शब्द आठवला. पण ही माणसं माधवरावांवर माया करणारी, वर्षानुवर्षांची, आणि मी चार दिवसांची पाहुणी. मी मान डोलावली. इम्तियाजने ओलं फडकं घेतलं आणि फळीच्या भाजलेल्या कडा पुसत बसला, फडकं तपकिरी होईपर्यंत. मग शाई लावून आम्ही ठसा घेतला. कागदावर आमटी वाढायच्या डावाची पाठ घासायचं काम माझ्याकडे होतं. कागद उचलला तेव्हा गवत खरोखर हलत होतं.

शनिवार, दोरी

शनिवारी गिरणीत बसायला जागा नव्हती. दोरीवर कागद लागले. सुरुवात माझ्यापासून झाली, पाहुण्यांचा मान म्हणून.

"हा बगळा आहे की नळाची तोटी?"

"मान चिकटवलीये. सरसाची रेघ छापली गेली."

"पाणी कुठंय? बगळा डांबरी रस्त्यावर उभा आहे."

"सागवान होतं म्हणून सगळा कागद भरायचाच असं नसतं बाई." हे माधवराव.

माझे कान तापले. शाळेत इतकी वर्षं मी मुलांच्या कागदांवर लाल पेन चालवलं, माझ्यावर कुणी चालवलं नव्हतं. पण गंमत अशी की दहा मिनिटांनी माझं अंग हलकं झालं. नळाची तोटी म्हणणारी हिंजवडीची मुलगी मला सरकून जागा देत होती, आणि आठवड्यात पहिल्यांदा मला आपण परगावी आहोत असं वाटलं नाही. इम्तियाजचा कागद माधवरावांनी फाडायचा तेवढा बाकी ठेवला. "पुलाखाली काळोख दाखवायचा म्हणजे कोरायचा कंटाळा करायचा असं नाही," ते म्हणाले. इम्तियाज खाली मान घालून हसत होता.

मग गाढवांचा कागद आला.

 "सुंदर," मागून कुणीतरी म्हणालं. "गवत काय जमलंय." "माधवराव, कमाल." शुभदाताईंनी घसा साफ केला. "समास उजवीकडे जरा कमी पडलाय."

"एवढंच?" माधवराव म्हणाले.

 त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "इम्तियाज?"

"छान झालंय, सर."

मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गवत हलतंय असं वाटतं." ते खोटं नव्हतं. पण त्यांनी माझ्यावरून नजर काढून घेतली ती पुन्हा माझ्याकडे वळवली नाही.

शुभदाताई चिमटा काढायला उठल्या. "राहू दे," ते म्हणाले. "खरा दोष सांगितल्याशिवाय कागद उतरत नाही." ते खुर्चीला धरून उभे राहिले. "काल फळी पाठवली तेव्हा तिच्या कडा भाजून तपकिरी होत्या. मी मुद्दाम पुसल्या नव्हत्या. आज टेबलावर फळी पाहिली, छापायच्या आधी कुणीतरी त्या पुसल्यात. म्हणजे पाहिलं सगळ्यांनी."

इम्तियाजने मान खाली घातली.

"गेल्या वर्षी ज्या पोराला मी इथून हाकललं, त्याच्याकडेच गेलो मी. पत्ता शोधत हिंजवडीला गेलो. त्याने दार उघडलं, चहा केला, मागचा एक शब्द काढला नाही. चित्र मी काढलं, कुंचल्याने, या हाताने. रेघ कापते ती माझी आहे. मशीनने नुसतं लाकूड काढलं. पोराने विचारलं, सर, त्यांना चालेल का? मी म्हटलं, मुळीच चालणार नाही, सोलून काढतील मला. आणि मी भांडायच्या तयारीने आलो. हात गेला तर चित्र जातं का, हे मला तुमच्याशी भांडून ठरवायचं होतं. माझं चूक असेलही. मला ठाऊक नाही. एकट्याला कसं ठाऊक असणार?"

"माधवराव, तुम्हाला दुखवायचं नव्हतं," शुभदाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ते कळलं. इतकं गोड तर माणूस मेल्यावर बोलतात."

ते आपली पिशवी घेऊन निघाले. दारात त्यांना चप्पल घालायला वेळ लागला, हात भिंतीला टेकावा लागला. आम्ही सगळे बसून ते पाहत होतो. मदतीला कुणी उठलं नाही, कारण आता उठणं आणि न उठणं दोन्ही चूकच होतं.

त्या दुपारी डबे उघडले, पण जेवण कुणाला गेलं नाही. गाढवांचा कागद दोरीवर राहिला. आता दोष सांगायला कुणाची जीभ रेटेना, आणि सांगितल्याशिवाय तो उतरवता येईना.

रविवार

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी इम्तियाज खोलीवर आला. रात्रभर जागलेला दिसत होता. पुलाची फळी त्याने पुन्हा कोरली होती, नवा कागद हातात होता. "सरांकडे जातोय. याल का? एकट्याला जमणार नाही."

माधवराव जवळच एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार त्यांनीच उघडलं. माझ्या मनात होतं की ते ओरडतील, दार लावून घेतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं करावं असंच मला वाटत होतं. त्यांनी आम्हाला आत बसवलं. सुनेला पोहे करायला सांगितले. मला विचारलं की गाडीत जागा खिडकीची आहे ना, थंडीचं पांघरूण आहे ना. त्या विचारण्यात काही खोट काढता आली नसती.

इम्तियाज म्हणाला, "सर, गवताच्या मधल्या भागात खोली नाही. सगळ्या खाचा सारख्या, म्हणून मागचं गवत पुढे येतंय. हाताने कोरलं असतं तर तसं झालं नसतं. आणि मला नियम मोडणंही पटलेलं नाही. अजिबात पटलेलं नाही." तो घाईघाईने बोलत होता, पाठ केल्यासारखा. "हे मी काल बोलायला हवं होतं."

"बरोबर आहे तुझं," माधवराव म्हणाले.

"सर, भांडा ना."

"कशाला? पोहे घे."

पोहे आले. चव मला लागली नाही. माधवराव माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, तुमचा बगळा चांगला झालाय. मला आवडला." बुधवारी याच माणसाने तीच मान उजेडात धरून तुटेल म्हणून सांगितलं होतं. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

शेवटी इम्तियाजने आपला नवा कागद त्यांच्यापुढे टेबलावर पसरला. पुलाखालचा काळोख त्याने उगाचच खरवडून टाकला होता, घाईत एक खांबही वाकडा गेला होता. ते मलादेखील दिसत होतं. माधवरावांनी चष्मा लावला. कागद वाकून नीट पाहिला, वरपासून खालपर्यंत. वाकड्या खांबापाशी त्यांचं बोट थांबलेलं मी पाहिलं. 

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"छान झालंय," ते म्हणाले.

 इम्तियाजने कागद उचलला, तो गुंडाळायचंही त्याला सुचलं नाही, आणि दोन्ही हातांत उघडा धरून तो जिना उतरू लागला. मी माधवरावांना नमस्कार केला आणि त्याच्यामागून खाली आले.